रिकाम्या खणांचा हिशेबनीस

गॅरी किल्डॉल हे नाव घेतले की संगणकातली जाणकार मंडळी एकच गोष्ट सांगतात. आयबीएमचे लोक दाराशी आले त्या दिवशी हा गृहस्थ आपले विमान घेऊन आकाशात हिंडायला गेला होता. मग त्या लोकांनी दुसरे दार ठोठावले आणि बिल गेट्स नावाचा तरुण जगातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला. गोष्ट छोटी, तात्पर्यासकट तयार, व्यवस्थापनाच्या वर्गात सांगायला सोयीची. मला तिचा मनापासून राग आहे. बँकेच्या नोकरीत मी पुष्कळ गोपनीय अहवाल वाचले, काही लिहिलेही. वरिष्ठाने एके वर्षी घाईत मारलेला एका ओळीचा शेरा माणसाची पुढची वीस वर्षे कशी झाकून टाकतो, ते मी जवळून पाहिले आहे. किल्डॉलच्या नशिबी असाच एक शेरा आला. त्या शेऱ्याखाली काय दडले आहे ते आज सांगायचे आहे.

त्याचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिअ‍ॅटल शहरातला. घराणे दर्यावर्दी. आजोबांच्या वेळेपासून घरची नौकानयनाची शाळा होती. दिशा, वेळ, भरती-ओहोटी यांचे गणित करून बोटीवरच्या अधिकाऱ्यांना परीक्षेसाठी तयार करायचे, हा घरचा धंदा. पोरगा शाळेत फारसा चमकला नाही. त्याला हाताने वस्तू जोडायची आवड होती. मोटारी उघडायच्या, रेडिओ उघडायचा. पुढे गणिताचा शिक्षक व्हावे म्हणून तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि तिथे संगणक भेटला. वडिलांच्या शाळेला लागणारी भरती-ओहोटीची कोष्टके त्याने संगणकाकडून काढून घेतली. आपल्याकडे पंचांगकर्त्याच्या मुलाने तिथी-नक्षत्रे यंत्राकडून काढून घ्यावीत, तसाच हा प्रकार.

व्हिएतनामच्या युद्धाचे ते दिवस. सक्तीची लष्करी सेवा चुकणारी नव्हती. पण युद्धनौकेऐवजी मॉन्टेरे येथल्या नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात शिकवण्याचे काम त्याच्या वाट्याला आले आणि कॅलिफोर्नियाच्या त्या समुद्रकाठाने त्याला कायमचे बांधून घेतले. १९७२ साली त्याने डॉक्टरेट पुरी केली. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवताना त्यातले निरुपयोगी काम आपोआप कसे छाटायचे, यावरचा त्याचा १९७३ चा निबंध आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. पुढे त्याने काहीच केले नसते तरी एवढ्यावर त्याचे नाव पाठ्यपुस्तकात राहिले असते.

१९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ नावाची नखाएवढी चिप बाजारात आणली. इंटेललाही तेव्हा ती कॅल्क्युलेटर आणि छोट्यामोठ्या उपकरणांत बसवायचा तुकडा वाटत होती. किल्डॉलने एक मागवली. वडिलांना नौकानयनाचे गणित करणारे छोटे यंत्र हवे होते, ते यावर जमेल का, हा त्याचा पहिला विचार. मग तो इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करू लागला आणि १९७३ मध्ये त्याने मायक्रोप्रोसेसरसाठी पहिली उच्चस्तरीय भाषा तयार केली, पीएल/एम. अडचण एकच होती. लिहिलेले साठवायचे कशावर? तेव्हा टेलिटाइपच्या खडखडाटात कागदी फितीला भोके पाडायची आणि ती फीत पुन्हा वाचून घ्यायची, अशी पद्धत होती. एक चूक दुरुस्त करायची तर अर्धा दिवस जायचा.

शुगार्ट नावाच्या कंपनीने नुकतेच आठ इंची फ्लॉपीचे यंत्र काढले होते. हजारो तास चालवून, चाचणीत झिजवलेले एक यंत्र किल्डॉलच्या पदरात पडले. पण यंत्र आणि संगणक यांना जोडणारे सर्किट त्याला काही जमेना. प्रोग्रॅमच्या जोरावर जग जिंकणारा हा माणूस तारांच्या जंजाळात हरला. ते यंत्र कितीतरी दिवस नुसतेच त्याच्यासमोर पडून होते. अखेर विद्यापीठातला मित्र जॉन टोरोडी मदतीला आला. त्याने सर्किट केले आणि १९७४ मध्ये मॉन्टेरेच्या शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह या गावी किल्डॉलच्या घरामागच्या औजारांच्या खोपटात ते सगळे चालू झाले. फ्लॉपीवरचा कारभार पाहणाऱ्या त्या प्रोग्रॅमला त्याने नाव दिले सीपी/एम.

(मध्ये एक गंमत. याच सुमारास एका जोडीदारासाठी त्याने नाणे टाकले की जन्मतारखेवरून भविष्य छापून देणारे यंत्र केले होते. सॅन फ्रान्सिस्कोत ते ठेवले गेले आणि सपशेल आपटले. भविष्याच्या धंद्यात तोटा येणे ही गोष्ट फक्त अमेरिकेतच होऊ शकते.)

आता सीपी/एम म्हणजे काय, ते नीट सांगायला हवे, कारण किल्डॉलची खरी बुद्धी तिथे दिसते. मी काही वर्षे एका शाखेत लॉकरचा ताबा सांभाळला आहे, म्हणून त्या भाषेत सांगतो. आठ इंची फ्लॉपीवर एकंदर अडीच लाख बाइट, म्हणजे अडीच लाख अक्षरे मावत. तिच्यावर ७७ वर्तुळाकार पट्टे, प्रत्येक पट्ट्याचे २६ तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात १२८ अक्षरे. पहिले दोन पट्टे खुद्द सीपी/एमसाठी राखीव. उरलेल्या जागेचे किल्डॉलने १,०२४ अक्षरांचा एक, असे २४३ खण पाडले. त्यातले पहिले दोन खण म्हणजे रजिस्टर. रजिस्टरात ६४ ओळी आणि प्रत्येक ओळ ३२ अक्षरांची. ओळीत पहिली एक खूण, मग फाइलचे अकरा अक्षरांचे नाव, मग थोडी मोजमापे आणि शेवटी सोळा घरे. या सोळा घरांत, ही फाइल कोणकोणत्या खणांत ठेवली आहे, त्या खणांचे क्रमांक. फाइल मोठी झाली आणि सोळा खण पुरेनात, तर त्याच नावाची दुसरी ओळ उघडायची. खण एकमेकांशेजारी असण्याची सक्ती नाही. पाचवा, मग नववा, मग चाळिसावा, असे असले तरी चालेल.

याआधी लहान यंत्रांवर एक ढोबळ पद्धतही चालत असे. प्रत्येक फाइलला सलग जागा हवी. मधली एखादी फाइल काढली की तिथे भोक पडायचे आणि त्या भोकात तेवढीच किंवा लहान फाइलच मावायची. काही दिवसांनी फ्लॉपी निम्मी रिकामी, पण मोठी फाइल ठेवायला जागा नाही, अशी अवस्था. मग सगळा माल उचलून एका टोकाला सरकवत बसा. किल्डॉलच्या पद्धतीत कितीही तुटक खण उरले तरी ते वापरता येत. हा शोध त्याचा एकट्याचा नव्हे. मोठ्या संगणकांवर असे प्रकार होते आणि आज्ञांची नावे वगैरे त्याने डिजिटल कंपनीच्या यंत्रांवरून उचलली होती. पण मोठ्या संगणकाचा हा कारभार त्याने खोपटातल्या यंत्राच्या चिमुकल्या स्मरणशक्तीत बसवला.

आणि आता माझ्या मते सर्वांत देखणा भाग. कोणते खण रिकामे आहेत याची यादी त्याने फ्लॉपीवर ठेवलीच नाही! आमच्या शाखेत भरलेल्या लॉकरांचे एक रजिस्टर आणि रिकाम्यांचे दुसरे असे. दर सहामाहीला दोन्हींचा मेळ बसत नसे आणि तपासनीस आमच्या नावाने बोटे मोडी. किल्डॉलने दुसरे रजिस्टरच रद्द केले. फ्लॉपी आत सारली की सीपी/एम पहिले रजिस्टर वरपासून खालपर्यंत एकदा वाचायचे आणि दिसलेल्या प्रत्येक खणापुढे आपल्या स्मरणात एक टिंब करायचे. २४३ खणांना ३१ बाइट पुरतात. ज्याच्यापुढे टिंब नाही तो रिकामा. वीज गेली, टिंबे पुसली, तरी बिघडले काही नाही. पुन्हा वाचा, पुन्हा टिंबे करा. दोन नोंदींत विसंगती नको असेल तर एकच नोंद ठेवावी, हे आमच्या मुख्य कचेरीला संगणक आल्यावरही उमगले नव्हते.

यात धोका होता. मधेच कोणी फ्लॉपी बदलली आणि स्मरणात आधीचीच टिंबे राहिली तर? एका शाखेचे रजिस्टर घेऊन दुसऱ्या शाखेचे लॉकर वाटल्यासारखे होईल आणि भरलेल्या खणावर दुसऱ्याचा माल पडेल. किल्डॉलने रजिस्टरची बेरीज करून ठेवायची युक्ती योजली. बेरीज जुळली नाही की ती फ्लॉपी फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. वापरणारे चिडत, पण त्यांचा मजकूर वाचे.

फाइल पुसायची आज्ञा दिली की काय होई? खणांतल्या मजकुराला हातही लागत नसे. रजिस्टरातल्या त्या ओळीची फक्त पहिली खूण बदले. नवी खूण म्हणजे ई५, आपल्या हिशेबात २२९. हाच आकडा का? आठ इंची फ्लॉपी फॉरमॅट करताना सगळी जागा याच आकड्याने भरून टाकायचा रिवाज होता. म्हणजे कोऱ्या फ्लॉपीवरच्या रजिस्टराच्या सगळ्या ओळी सीपी/एमला आपोआप पुसलेल्या दिसत. रजिस्टर आखून घ्यायचे वेगळे काम उरलेच नाही. कोरे आणि खोडलेले यांत त्याने फरकच ठेवला नाही.

याचा एक परिणाम असा की, पुसलेली फाइल खरे तर तिथेच असे. पूर्ण नाव शाबूत, खणांचे क्रमांक शाबूत. पहिली खूण परत फिरवली की फाइल जिवंत. अट एवढीच, की दरम्यान काही नवे लिहिलेले नसावे. कारण नवी फाइल वाढू लागली की सीपी/एमची पुढची आवृत्ती तिच्या आधीच्या खणाच्या डावी-उजवीकडे सर्वांत जवळचा रिकामा खण शोधी, आणि तो कालच पुसलेल्या फाइलचा असू शके.

किल्डॉल आणि त्याची पत्नी डोरोथी यांनी मिळून कंपनी काढली. पहिले नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. आकाशगंगांना कवेत घेणारे हे नाव पुढे नुसते डिजिटल रिसर्च झाले. मासिकात जाहिरात देऊन सीपी/एम सत्तर डॉलरना विकले जाऊ लागले. डोरोथी माहेरचे मॅकइवन हे आडनाव लावून धंदा पाही. १९७७ मध्ये इम्साय कंपनीने पंचवीस हजार डॉलर मोजून परवाना घेतला. त्यांच्या यंत्रांसाठी पुन्हा पुन्हा जुळवाजुळव करण्याचा कंटाळा येऊन किल्डॉलने यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटले. बाकीचा प्रोग्रॅम सगळीकडे तोच. यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच वर्डस्टार चालू लागले. प्रोग्रॅम लिहून विकणे हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो, याला या एका विभागणीने बळ दिले. १९८१ च्या सुमारास सीपी/एम तीन हजार प्रकारच्या यंत्रांवर चालत होते आणि कंपनीची वर्षाची उलाढाल चोपन्न लाख डॉलरची होती.

१९८० साली आयबीएमचे लोक आले. त्या दिवशी किल्डॉल खरोखर विमान घेऊन गेला होता, पण एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी, आणि दुपारी परतला होता. सकाळी डोरोथीने आयबीएमचा एकतर्फी गुप्ततेचा करार वकिलाला दाखवला आणि सही केली नाही. यापुढे काय बोलणे झाले याबाबत त्या त्या पक्षाच्या आठवणी जुळत नाहीत. मी आयुष्यभर करारांवर सह्या घेतल्या आहेत. न वाचता सही करणाऱ्यापेक्षा न करणाऱ्या बाईबद्दल मला आदर वाटतो. ठरले नाही ते पैशाच्या आणि अटींच्या मुद्द्यावर, आणि तसे रोज हजार सौद्यांत होते.

गेट्सच्या मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटलमध्ये टिम पॅटरसनने लिहिलेली एक प्रणाली विकत घेतली. पॅटरसनने आज्ञा देण्याची रीत सीपी/एमच्या माहितीपुस्तिकेवरून ठेवली होती, म्हणजे जुने प्रोग्रॅम सहज नव्या यंत्रावर नेता यावेत. तिला चोरी म्हणावे काय? २००४ साली एका पुस्तकात तसे सुचवले गेले, पॅटरसनने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि २००७ मध्ये तो फेटाळला गेला. २०१२ मध्ये दोन्ही प्रोग्रॅम ताडून पाहणाऱ्या एका तज्ज्ञाला नक्कल केल्याचा पुरावा आढळला नाही. माझे मत असे की, दुकान दुसऱ्याचे, पण दर्शनी पाटी आणि काउंटरची रचना किल्डॉलची. खणांच्या वाटपाची पद्धत मात्र पॅटरसनने बदलली, आणि ती काही बाबतींत सरस होती. त्याने मायक्रोसॉफ्टच्याच मार्क मॅकडोनाल्डची १९७७ ची कल्पना घेतली. सगळ्या खणांचे एक कोष्टक करायचे आणि प्रत्येक खणापुढे फाइलच्या पुढल्या खणाचा क्रमांक लिहायचा. शून्य म्हणजे रिकामा. हेच ते फॅट. मोठ्या फाइलला आता रजिस्टरात अनेक ओळी लागेनात आणि तिची लांबी अक्षरा-अक्षराने नोंदली जाऊ लागली. किल्डॉलकडे ती १२८ च्या पटीत मोजली जाई.

पण पुसल्याची खूण राहिली तीच, ई५. फरक एवढाच की, डॉसच्या रजिस्टरात पहिली जागा वेगळ्या खुणेची नव्हती, नावाच्या पहिल्या अक्षराचीच होती. त्यामुळे फाइल पुसली की नावाचे पहिले अक्षर कायमचे जाई. जपानी लोकांचे तर वेगळेच दुखणे झाले. त्यांच्या लिपीच्या संकेतात ई५ हा काही चिन्हांचा खराखुरा पहिला अंश होता. त्या नावांसाठी डॉसला ई५ च्या जागी ०५ लिहून ठेवण्याची पळवाट काढावी लागली.

हे पहिल्या अक्षराचे प्रकरण मी डोळ्यांनी पाहिले आहे. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या शाखेत एका सहकाऱ्याच्या हातून सहामाही व्याजाची फाइल पुसली गेली. वरून आलेल्या तरुण अधिकाऱ्याने पहिल्यांदा सगळ्यांना यंत्रापासून दूर केले आणि कोणी कळ दाबू नये असे बजावले. मग त्याने फ्लॉपीतून एक प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर पुसलेल्या फाइलींची नावे आली, प्रत्येकाच्या आरंभी अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह. यंत्र आम्हाला पहिले अक्षर विचारत होते. आम्ही ते सांगितले आणि व्याज परत आले. त्या प्रश्नचिन्हाचा उगम खूप वर्षांनी शोधायला गेलो, तेव्हा मला किल्डॉल सापडला.

आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये निघाला. त्यातली प्रणाली आपल्या रचनेशी फार मिळतीजुळती असल्याचे किल्डॉलने पाहिले आणि दाव्याचा विचार केला. पण प्रोग्रॅमच्या हक्कांचा कायदा तेव्हा धूसर होता. तडजोड अशी झाली की आयबीएम त्याचेही सीपी/एम-८६ विकेल. पुढच्या वर्षी ते दुकानात आले, तेव्हा डॉसची किंमत होती ४० डॉलर आणि याची २४०. निकाल तिथेच लागला.

त्यानंतर तो रुसून बसला असे मात्र नाही. टेलिव्हिजनवर संगणकाच्या एका लोकप्रिय कार्यक्रमाचा तो १९८३ पासून सात वर्षे सहनिवेदक होता. प्रतिस्पर्ध्यांच्या वस्तूही तो कुतूहलाने उलटून-पालटून पाही. वेगळी कंपनी काढून १९८५ मध्ये त्याने ग्रोलियरचा ज्ञानकोश एका सीडीवर आणला. खणांच्या पुनर्वापरात डोके घातलेल्या माणसाने आता अशा तबकडीचे काम घेतले की जिच्यावर एकदाच छापायचे आणि पुन्हा काही पुसायचे नाही. ज्ञानकोशाच्या सगळ्या खंडांनी तिचा थोडासाच भाग भरला.

घरात मात्र मोडतोड झाली होती. १९८३ मध्ये तो आणि डोरोथी विभक्त झाले. १९९१ मध्ये नॉव्हेल कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली. किल्डॉलकडे पैसा पुष्कळ आला आणि तो टेक्ससला राहायला गेला. पण ते विमानाचे लचांड सुटेना. भेटेल तो तेच विचारी. १९९२ साली त्याच्याच विद्यापीठाच्या संगणक विभागाचा वर्धापन समारंभ झाला. तिथे मुख्य वक्ता होता बिल गेट्स, आणि हा, त्या विभागाचा डॉक्टर, पाहुण्यांत बसलेला. त्याने आठवणी लिहायला घेतल्या त्या यानंतर. हस्तलिखिताच्या प्रती मित्र-नातलगांना वाटल्या. दारूचे व्यसन बळावले होते आणि शेवटच्या प्रकरणांवर त्याची छाया आहे असे मुलांना वाटले. म्हणून २०१६ मध्ये संगणक इतिहास संग्रहालयातर्फे त्या आठवणींचा फक्त पहिला भाग लोकांसमोर आला.

८ जुलै १९९४ रोजी मॉन्टेरेतल्या एका मद्यगृहात तो पडला आणि डोक्याला मार लागला. ११ जुलैला तो गेला. वय बावन्न. सिअ‍ॅटलमध्ये त्याचे दफन झाले. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला डिजिटल रिसर्चच्या जुन्या कचेरीसमोर विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने फलक बसवला, आणि त्याच वर्षी सीपी/एमच्या पहिल्या आवृत्त्यांचे मूळ प्रोग्रॅम संग्रहालयाने सर्वांना खुले केले.

आजच्या नव्या कोऱ्या संगणकातही सुरू होण्यापुरता एक छोटा कप्पा असतो आणि तो फॅटच्याच पद्धतीने आखलेला असतो. ३२ जीबीपर्यंतची कॅमेऱ्याची कार्डेही बहुधा तशीच. त्यावरचा फोटो पुसला की रजिस्टरातल्या ओळीच्या पहिल्या घरात अजूनही २२९ हा आकडा पडतो, आणि फोटो आपल्या जागी तसाच असतो, त्या खणांवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत.